दोन की तीन, साडेपाचच्या आत

झोपायच्या खोलीतल्या खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात, काचेच्या आतल्या बाजूला, रोज सकाळी एक थेंब धरायचा. मोहरीएवढा असेपर्यंत तो हलत नसे. मसुराएवढा झाला की थरथरायचा, आणि वाटाण्याएवढा व्हायच्या आत घसरत खालच्या चौकटीत जाऊन बसायचा. वरून खाली यायला त्याला अकरा मिनिटं लागत, अधिक-उणे दोन. वहिनींना हे पक्कं ठाऊक होतं, कारण त्यांनी सलग नऊ दिवस घड्याळ लावून पाहिलं होतं.

"अगं, थेंब कसले मोजतेस? खिडकी बदल!" नवरा पांघरुणातून म्हणाला.

"बदलायचीच आहे. म्हणून तर मोजतेय. न मोजता ठरवलं की काय होतं, ते स्वयंपाकघरात उभं आहे."

स्वयंपाकघरात फ्रिज उभा होता. सहा वर्षांपूर्वी तो वहिनींनी पाच मिनिटांत पसंत केला होता, आणि त्याचं दार भिंतीच्या बाजूला उघडायचं. तेव्हापासून त्या घरात दूध काढायचं म्हणजे पोट आत घेऊन, श्वास रोखून, तिरकं शिरावं लागे. जाडजूड पाहुण्यांना त्या घरात बिनदुधाचा चहा मिळे.

वहिनी प्रयोगशाळेत नोकरीला होत्या. इस्पितळांतले, बेकऱ्यांतले, कारखान्यांतले तापमापक तिथे तपासायला येत, आणि कोणता किती खोटं बोलतो ते वहिनी लिहून देत. एकही तापमापक पूर्ण खरा नसतो, हे त्यांना नोकरीने शिकवलं होतं. त्यामुळे घरातही त्या कुठल्याच गोष्टीबद्दल 'इतकं' म्हणत नसत. 'इतकं, अधिक-उणे एवढं' म्हणत. नवरा त्यांना पाठीमागे 'अधिक-उणे' म्हणायचा. अलीकडे तोंडावरही म्हणायला लागला होता.

"दोन आठवडे द्या मला," वहिनी छातीठोकपणे म्हणाल्या होत्या. "खिडक्यांना दुहेरी काच बसवायची की तिहेरी, ते पुराव्यासकट सांगते. पुन्हा त्याबद्दल कुणाला तोंड उघडायची गरज पडणार नाही!"

या गोष्टीला दोन महिने झाले होते.

दोन महिन्यांत एक तक्ता तयार झाला होता. डोक्यावर लिहिलेलं: 'काचा: दोन' आणि 'काचा: तीन'. खाली ऊब, उजेड, आवाज, वजन, बिजागऱ्यांवरचा ताण, टिकाऊपणा. तिहेरी जास्त उबदार, पण जड. दुहेरी हलकी, पण थंडी जरा आत घेणार. तिहेरीतून उजेड थोडा कमी. दुहेरीवर थेंब धरण्याची शक्यता थोडी जास्त. बेरीज दोन्हीकडे सत्तेचाळीस! वहिनींनी 'पुसायला सोपी' अशी एक ओळ वाढवली. बेरीज दोन्हीकडे बावन्न! मग त्यांनी 'मनःशांती' अशी शेवटची ओळ लिहिली आणि तिला गुण कसे द्यायचे या विचारात आठ दिवस घालवले.

खिडकी एकदा बसली की तीस वर्षं. फ्रिज तरी कधीतरी बंद पडेल, या आशेवर दिवस काढता येतात. खिडकी बंद पडत नाही. ती बंदच असते!

आणि इकडे सासूबाई खोकत होत्या.

त्यांची खोली उत्तरेला. तिथली खिडकी एका काचेची, चौकट वाकलेली, आणि फटीतून अशी झुळूक यायची की टेबलावरचं वर्तमानपत्र आपोआप पुढचं पान उघडायचं. पहिली थंडी पडली तशा सासूबाई रजई, गरम पाण्याची पिशवी आणि रेडिओ घेऊन बैठकीच्या सोफ्यावर आल्या. तेव्हापासून नवरा संध्याकाळी आवाज बंद करून सामने बघायचा आणि चौकार बसला की तोंडावर उशी दाबून ओरडायचा.

कालपर्यंत हे सगळं चाललं. काल जेवताना सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "परवा सकाळी मी धाकट्याकडे जाते. हिवाळाभर राहीन म्हणते. तुमच्या खिडक्या ठरल्या की कळवा."

 धाकटा तिसऱ्या मजल्यावर राहायचा आणि सासूबाईंचे गुडघे पहिल्या मजल्यालाच संपायचे. एकदा वर चढल्या की वसंत येईपर्यंत काही खाली उतरणार नाहीत. आणि दुसरं म्हणजे, वहिनी कामावरून आल्या की "आज कोण खोटं बोललं गं?" असं या घरात फक्त सासूबाई विचारत. नवरा जेवायला काय आहे ते विचारायचा.

"आई, तुम्ही कुठेही जायचं नाही," वहिनी म्हणाल्या. "उद्या ठरवते."

"उद्या म्हणजे किती अधिक-उणे?" सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काचवाल्याचा फोन आला. या गृहस्थांना वहिनींनी अजून पाहिलंही नव्हतं. मापं घ्यायला त्यांचा भागीदार येऊन गेला होता. पण फोनवर दोघं दोन महिने इतकं बोलले होते की त्यांच्या शिंकेवरून वहिनींना ऋतू कळायचा. आज त्यांचा आवाज एका गालातून आल्यासारखा येत होता.

"काय ठरलं, ताई?"

"अजून नाही. एकाच ओळीचा प्रश्न राहिलाय."

"ताई, आज साडेपाचला कारखान्याची यादी बंद होते. त्यानंतर दहा आठवडे माल नाही. आणि फार खोलात जाऊ नका, साधा विचार करा. तुमच्या समोर ते दातवाले डॉक्टर आहेत ना? त्यांच्याकडे मीच बसवल्यात. दोनची आहे. जाऊन हात लावून बघा आणि काय ते कळवा."

दहा आठवडे म्हणजे हिवाळा संपला! वहिनींनी रजा टाकली. दिवसभर तक्ता समोर घेऊन बसल्या. नवरा आज घरूनच काम करत होता. दुपारपासून तो फारच शांत होता. त्याने न सांगता भांडी घासली आणि आता बादली घेऊन फरशी पुसत होता. एरवी वहिनींनी याची नोंद घेतली असती. आज वेळ नव्हता.

दुपारी त्यांनी काचवाल्याला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. एकूण अकरा वेळा. बरोबर अकरा, यात अधिक-उणे काही नाही.

पावणेपाचला त्या उठल्या. कपाटातून मेणबत्ती आणि काडेपेटी घेतली. खिडकीजवळ ज्योत धरली की प्रत्येक काच तिची दोन प्रतिबिंबं दाखवते, एक पुढच्या पृष्ठभागातलं, एक मागच्या. दोन काचांत चार ज्योती, तीन काचांत सहा. जाहिरातीची पत्रकं काहीही सांगोत, ज्योत खोटं बोलत नाही!

दातवाल्या डॉक्टरांचा दवाखाना रस्त्यापलीकडे, त्यांच्याच घराच्या तळमजल्यावर. आत खुर्चीवर एक रुग्ण आडवा होता. गाल टम्म फुगलेला, गळ्यात हिरवं फडकं, तोंडात कापूस. डॉक्टर शेजारी स्टुलावर बसून घड्याळ बघत होते.

"डॉक्टर, तुमच्या खिडकीपुढे दोन मिनिटं मेणबत्ती धरू का?"

डॉक्टर वहिनींना वीस वर्षं ओळखत होते. त्यांनी कारण विचारलं नाही. "धरा. इंजेक्शन चढायला अजून वेळ आहे. यांची हरकत नसेल तर."

"ऊं," रुग्ण म्हणाला.

"हरकत नाही. जरा दिवा घालवता का?"

दिवा गेला. हिवाळ्यात इथे पाचच्या आतच अंधारून यायचं, तशी बाहेर संध्याकाळ काळवंडली होती. वहिनींनी मेणबत्ती पेटवली, काचेजवळ नेली आणि तिरकं वाकून पाहिलं. एक, दोन, तीन, चार.

पाच. सहा.

त्या सरळ झाल्या. पुन्हा वाकल्या. दुसऱ्या खिडकीपाशी गेल्या, तिसऱ्या खिडकीपाशी गेल्या. प्रत्येक ठिकाणी सहा! त्यातली एक ज्योत जराशी जांभळट, म्हणजे काचेवर ऊब राखणारा लेपसुद्धा दिलेला.

"डॉक्टर, तुम्ही मोजा बरं."

डॉक्टरांनी चष्मा वर सरकवून मोजलं. "सात."

"हातातली खरी मोजायची नाही हो!"

"हहा!" खुर्चीतून आवाज आला. रुग्णाने मान उचलून एका हाताची पाच बोटं आणि दुसऱ्याचा अंगठा वर केला होता.

"बघा! यांनाही सहाच दिसतात!" वहिनी म्हणाल्या. "डॉक्टर, तुम्ही किती काचांच्या खिडक्या घेतल्या होत्या?"

"मला काय माहीत? तो म्हणाला चांगली आहे, मी म्हटलं बसव."

 माणसं अशीही खिडक्या घेतात! मग त्यांच्या डोक्यात एकेक गोष्ट जुळत गेली.

"त्या काचवाल्याने मला आज सकाळी सांगितलं, डॉक्टरांकडे दोनची आहे. आणि इथे आहेत तीन! ज्या माणसाला स्वतः बसवलेल्या काचा मोजता येत नाहीत, त्याच्या भरवशावर मी माझ्या सासूबाईंची खोली सोपवणार होते! इथे दोन सांगून तीन लावल्या, माझ्याकडे तीन सांगून दोन लावेल!"

"ऊं! ऊं ऊं!" रुग्ण उठून बसायला लागला. डॉक्टरांनी त्याला छातीवर हात ठेवून आडवं केलं.

"हळू बोला, वहिनी!" डॉक्टर कुजबुजले. "एक जास्तच आलीय ना? कमी तर नाही? त्याला कळलं तर परत काढून न्यायचा!"

"ऊं ऊं ऊं!"

"हे बघा, यांनाही पटतंय."

"आणि दुपारपासून फोन उचलत नाही तो! अकरा वेळा केला! चोरासारखा लपून बसलाय कुठेतरी. थांबा, तुमच्यासमोरच लावते."

वहिनींनी बाराव्यांदा फोन लावला.

खुर्ची वाजू लागली.

वहिनींनी फोन कानावरून काढला. खुर्ची वाजतच होती. रुग्णाने हिरव्या फडक्याखाली हात घालून खिशातून फोन काढला आणि वहिनींच्या समोर धरला. पडद्यावर नाव झळकत होतं: 'ताई ठरत नाही'.

 एकाला दुपारपासून बोलता येत नव्हतं, एकीला सुचत नव्हतं, आणि डॉक्टर 'परत काढून न्यायचा' हे आपलं वाक्य मागे कसं घ्यावं या विवंचनेत होते.

ही शांतता नवऱ्याने मोडली.

त्याला घरातून काय दिसलं, तर समोर दवाखान्यातले दिवे गेलेत, आणि अंधारात एक ज्वाळा एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत, दुसरीतून तिसरीत पसरत चाललीय! हातात फरशी पुसायची बादली होतीच. तो तसाच रस्ता ओलांडून, दार ढकलून आत आला.

"बाजूला व्हा!" तो ओरडला आणि ज्वाळेच्या दिशेने बादली रिकामी केली.

वहिनी बाजूला झाल्या. डॉक्टर वीस वर्षं तोंडांतून उडणारं पाणी चुकवत आलेले, ते सहज खाली वाकले. राहिला खुर्चीतला. पट्ट्याने बांधल्यासारख्या आडव्या पडलेल्या त्या माणसाने सबंध बादली अंगावर घेतली, फोनसकट.

मेणबत्ती शांतपणे जळत होती.

डॉक्टरांनी दिवा लावला. फिनेलचा वास पसरला. नवऱ्याने रिकाम्या बादलीकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. "हे कोण?"

"आपल्या खिडक्या करणारे," वहिनी खालच्या आवाजात म्हणाल्या.

नवऱ्याचा चेहरा असा पडला की तो बादलीत मावला असता.

"आग विझली का रे?" दारातून सासूबाईंनी विचारलं. त्या शाल गुंडाळून, काठी टेकत, मागोमाग आल्या होत्या. "मी येईपर्यंत काही ठेवलं नाहीत वाटतं." आणि दम लागल्यामुळे खिडकीलगतच्या बाकावर, काचेला पाठ लावून बसल्या.

काचवाल्याने ओल्या हाताने डॉक्टरांची चिठ्ठ्यांची वही ओढून घेतली आणि औषधाच्या जागी मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'काचा नाही. फटी.'

वहिनींनी वाचलं. "काय?"

त्याने आणखी लिहिलं. 'काच कुणीही विकतो. दोन काचांमधली फट कोरड्या वायूने भरून बंद करायची, ते आमचं काम. आम्ही फटी मोजतो. दोनची = दोन फटी.' आणि खाली तीन उभ्या रेघा काढून त्यांमधल्या दोन रिकाम्या जागांत ठसठशीत टिंबं दिली.

वहिनी त्या रेघांकडे बघत राहिल्या.  काच थंडी अडवत नाही, काचांमध्ये अडकलेली हवा अडवते. हे त्यांना शाळेपासून ठाऊक होतं. परीक्षेत त्यावर पैकीच्या पैकी गुण होते! आणि दोन महिने त्या तक्त्याच्या डोक्यावर 'काचा' लिहून बसल्या होत्या. दहावी नापास असेल नसेल असा हा माणूस योग्य गोष्ट मोजत होता, आणि त्या चुकीची, अगदी काटेकोरपणे.

"मला माफ करा," त्या म्हणाल्या. "चोर म्हटलं ते मागे घेते."

"ऊं," काचवाला उदारपणे म्हणाला. मग त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं आणि डोळे मोठे केले.

पाच वाजून बावीस मिनिटं!

त्याचा फोन मेला होता. डॉक्टरांनी दवाखान्याचा फोन पुढे केला. काचवाल्याने घाईघाईने कारखान्याचा नंबर फिरवला आणि पलीकडून "हॅलो" आल्यावर म्हणाला, "हॅओ! ई ओअओय! ओअई..."

फोन कट झाला. त्याने पुन्हा लावला. "हॅओ! अअं ऐआ..."

"कामाच्या वेळी पिऊन फोन करता, लाज नाही वाटत?" एक बाईचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. पुन्हा कट.

सव्वीस.

त्याने तिसऱ्यांदा नंबर फिरवला, आणि या वेळी फोन सरळ वहिनींच्या हातात दिला.

वहिनींनी तो दोन्ही हातांनी धरला. त्यांच्या पर्समध्ये नेहमी एक तापमापक असे. पर्स घरी राहिली होती. तक्ता घरी राहिला होता. जवळ होती फक्त एक मेणबत्ती. त्यांनी स्वतःचं घर सांगितलं, रस्ता सांगितला, आणि म्हणाल्या, "खिडक्यांची ऑर्डर द्यायची होती."

कागद चाळल्याचा आवाज आला. "तुमची तर सकाळीच नोंदलीय, ताई. साडेदहाला फोन आला होता. पुरुषाचा आवाज होता, फार हळू बोलत होते. कुणीतरी ऐकेल अशी भीती असावी. 'दोन' म्हणाले. मी दोनची लिहिलं, सगळ्या खिडक्यांना."

सगळ्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने बादलीत पाहिलं.

"म्हणून भांडी घासलीत!" वहिनी म्हणाल्या.

"अगं, आई निघाली होती! कुणीतरी काहीतरी करायला नको का? मी आपलं दुहेरी सांगायला गेलो..."

"आणि तिहेरी सांगून आलात! मला न विचारता, आणि तेही चुकीचं!"

"चुकीचं की बरोबर ते तरी तू कुठे ठरवलंयस?"

  घड्याळाचा काटा सत्ताविसावर गेला. काचवाला दोन्ही हात जोडून खुर्चीत बसला होता आणि त्याच्या कोपरांवरून पाणी ठिबकत होतं.

"सूनबाई," सासूबाईंचा आवाज आला. "ही खिडकी उघडी आहे की बंद?"

"बंद आहे, आई. तुम्ही तिला टेकूनच बसलाय."

"तेच म्हणतेय. पाठीला कळतच नाही बाहेर थंडी आहे म्हणून." त्यांनी शालीची घडी सैल केली. "मी मघापासून वाट बघतेय, आता गार लागेल, मग गार लागेल."

वहिनींनी पाहिलं. सासूबाई आत आल्यापासून एकदाही खोकल्या नव्हत्या. सातच मिनिटं झाली असतील, आठ असतील. एकच खिडकी, एकच माणूस, तुलनेला दुसरं काही नाही. असला पुरावा प्रयोगशाळेत कुणी आणला असता, तर वहिनींनी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. त्यांनी हात लांब करून तळवा काचेवर टेकला. काच ना गार होती, ना ऊन. भिंतीसारखी गप्प होती.

"उद्या मी जाऊ की राहू, तेवढं सांग गं," सासूबाई म्हणाल्या. "बाकी तुझ्या काचा नि फटी मला कळत नाहीत."

"ताई, यादी बंद करायचीय," फोनमधला आवाज म्हणाला. "सकाळचीच ठेवू ना?"

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं.

"सकाळची रद्द करा," त्या म्हणाल्या.

"अगं!" नवरा ओरडला. "ऊं!" काचवाला ओरडला. डॉक्टर मटकन स्टुलावर बसले.

"रद्द? मग नवीन काय लिहू?"

"लिहा. सगळ्या खिडक्यांना, दोनची."

"ताई, पण हीच तर होती!"

"ती चुकून होती," वहिनी म्हणाल्या, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. "ही मी ठरवून सांगतेय. दोनची."